दोन्ही कान दिसले पाहिजेत

३ ऑक्टोबर

फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने ह्यांना सांगितलं, "काका, रोज दोन ओळी लिहून ठेवा, हात कसा आहे ते." ह्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली, घरी आले आणि वही माझ्यासमोर सरकवली. म्हणजे हात ह्यांचा, व्यायाम ह्यांचा आणि गृहपाठ माझा. आमचा संसार पहिल्यापासून असाच चालत आलाय.

तर हात: सकाळी चहा ओतताना निम्मा बशीत, थोडा टेबलावर. ह्यांच्या कपाखाली हल्ली मी खोलगट बशी ठेवते.

दोन ओळी झाल्या. पण बॅगा भरून झाल्यात आणि गाडीला वेळ आहे, म्हणून पुढचं लिहिते.

हे म्हणजे आमचे हे. आमचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. एक खोली, एक स्टूल, मागे निळा पडदा. हे कॅमेऱ्यामागे आणि मी स्टुलाशेजारी. गिऱ्हाइकाचे केस सारखे करायचे, कॉलर बसवायची, आणि म्हणायचं, "मान सरळ, हनुवटी जरा खाली, दोन्ही कान दिसले पाहिजेत." मी झोपेतही हे म्हणते असं हे म्हणतात. तान्ह्या बाळांना कॅमेऱ्याकडे बघायला लावणंही माझंच काम. बटण दाबायचं ते ह्यांनी.

ह्यांना मात्र आयुष्यभर दुसरंच काढायचं होतं. रविवारी स्टुडिओ बंद असला की हे कॅमेरा घेऊन निघायचे आणि एखादं झाड, एखादं इंजिन घेऊन परत यायचे. त्यातले दोन-तीन फोटो दर्शनी काचेत लावलेले होते. मार्चमध्ये एक बाई पासपोर्टचा फोटो काढायला आल्या आणि त्या काचेसमोर उभ्याच राहिल्या. त्या कॅलेंडरं छापतात. म्हणाल्या, "मला बारा फोटो द्या. बागा, रानातले प्राणी, आगगाड्या, जुनी नाट्यगृहं. फिरा आणि काढा." त्या दिवशी हे जेवताना नकाशा घेऊन बसले होते. भाजी नकाशावर सांडली तरी रागावले नाहीत.

एप्रिलमध्ये ह्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय सुधारला, उजवा हात मात्र थरथरत राहिला. हे कॅलेंडरवाल्या बाईंना नाही कळवायला निघाले होते. मी फोन हातातून काढून घेतला. मला स्वच्छ दिसत होतं, हे काम हातचं गेलं तर हा माणूस पुन्हा कॅमेऱ्याकडे वळून बघणार नाही. म्हटलं, "डोळे तुमचे, बोट माझं. तुम्ही सांगा तिथे मी दाबते. फोटो तुमचाच." बाईंना हाताबद्दल काही सांगितलेलं नाही. नोव्हेंबरात फोटो द्यायचेत.

आत्ताच वन्संचा फोन येऊन गेला. माझ्या नणंदेला सगळं सगळ्यांच्या आधी कळतं. म्हणाल्या, "अगं, तो कॅमेरा आहे, कुकर नव्हे. शिट्ट्या मोजून भागत नाही." उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण फोन ठेवल्यावर मी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक शोधून पिशवीत टाकलं.

५ ऑक्टोबर

पहिलीच बाग. तळं, काचेचं हरितगृह, बँडवाल्यांसाठी बांधलेला गोल चबुतरा. सुंदर आहे, पण मला सुंदर दिसायला वेळच मिळाला नाही, कारण हे मागून, "डावीकडे सरक. अजून. झाड मध्ये नको. अगं, मध्ये नको म्हणतोय ना!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते आज अनुभवलं, त्यातली शेळी होऊन.

मी तरी काय करू? माझ्या नजरेला मध्यभागाचीच सवय. झाड घेतलं की बरोब्बर मध्ये. पुतळा मध्ये, कारंजं मध्ये. हे म्हणाले, "झाडाला परदेशी पाठवायचंय का? पासपोर्टच काढलायस त्याचा."

पुढे एका बाकावर म्हातारा-म्हातारी बसली होती. ह्यांनी सांगितलं, "लांबून घे, ते नकळत बसलेले छान दिसतायत." मी हो म्हटलं, कॅमेरा स्टँडवर लावला, आणि काय झालं मला कळलंच नाही. पाय आपोआप चालत गेले. मी आजोबांची कॉलर नीट केली आणि म्हटलं, "हनुवटी जरा खाली." आजोबांनी घाबरून खाली केलीसुद्धा! आजींनी आपणहून केस कानामागे घेतले. मग काय, काढला.

मागे वळून बघते तर हे कपाळाला हात लावून उभे. आणि मग हसायला लागले. झाडाला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एप्रिलनंतर मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की चेष्टा माझी होतेय याचंही काही वाटलं नाही.

त्यानंतर ह्यांनी स्वतः कॅमेरा घेतला आणि तळ्यातल्या बदकांवर धरला. चार-पाच काढले. सगळे हललेले. पडद्यावर बदकांच्या जागी नुसते पांढरे फराटे. मग एकेक पुसून टाकला. मी बदकांकडे बघत राहिले.

खोलीवर आल्यावर हे माझे फोटो बघत बसले. त्या म्हातारा-म्हातारीच्या फोटोवर थांबले ते थांबलेच. दोघं सरळ आपल्याकडे बघतायत, चारी कान दिसतायत. मी विचारलं, "पुसू का?" म्हणाले, "हात लावू नकोस त्याला." चूक काय झाली ते समजवायला ठेवला असणार. नंतर फोन घेऊन बराच वेळ बाहेर जाऊन बोलत होते. वन्संशीच, दुसरं कोण.

हात: वाईट.

७ ऑक्टोबर

दिवसभर धुकं. काहीच काढलं नाही. हे खिडकीत बसून रबरी चेंडू दाबत होते. फिजिओने दिवसातून दोनदा सांगितलंय, ह्यांनी सकाळपासून खालीच ठेवलेला नाही. अति करू नका म्हटलं तर म्हणाले, "तू लेन्सच्या काचा पूस."

१० ऑक्टोबर

आज रानात. पाण्याकाठी एक लाकडी खोपट आहे, भिंतीत फटी ठेवलेल्या. त्यातून बघायचं. आत आधीच तीन-चार जण बसलेले. त्यांच्या एकेका लेन्सची लांबी पाहून मला आमचा कॅमेरा पदराआड लपवावासा वाटला. पण अंगात कोट होता. वनरक्षक आधीच बजावून गेला होता, आवाज अजिबात नको.

बसून बसून पाठीचा खुंटा झाला. मग पलीकडच्या काठावर एक हरणी आली. सोबत पाडस. पाणी प्यायला लागली ती आमच्याकडे आडवी उभी राहून. शेजाऱ्यांचे कॅमेरे खटाखट सुरू. हे कानाशी म्हणाले, "घे आता." मी बघितलं तर एकच कान दिसत होता.

यापुढचं लिहायला लाज वाटते. बाळाचा फोटो काढताना मी जिभेने टाळ्यावर टकटक करते. बाळ कुठेही बघत असो, आवाजाकडे वळतंच. माझ्या तोंडून ती टकटक निघून गेली. अगदी हळू. खोपटातले सगळे असे माझ्याकडे वळले की मी बाळ असते तर रडलेच असते. पण हरणीही वळली. पळाली नाही. तिने मान वर केली, दोन्ही कान उभे केले आणि थेट माझ्याकडे पाहिलं, हनुवटीवरून पाणी गळत होतं. पाडसानेही पाहिलं. मी दाबलं.

मग ती दोघं सावकाश झाडीत गेली. लांब लेन्सवाला एक जण म्हणाला, "बाई, हा काय पोरखेळ आहे का?" मी माफी मागितली. हे माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले. तो हात उजवा होता, आणि बराच वेळ होता.

परतताना वाटेत सगळा चिखल. माझ्या बुटाची नाडी सुटली, कोट आणि पिशव्यांमुळे वाकता येईना. ह्यांनी बसून बांधली. दुहेरी गाठ मारली, खोलीवर आल्यावर सोडवताना माझीच नखं दुखली.

एक लिहून ठेवते, कुणी वाचणार नाही म्हणून. मजा येतेय मला. हात ह्यांचा गेलाय आणि मजा मला येतेय, हे काही बरोबर नाही.

११ ऑक्टोबर

सकाळी मुद्दाम कॅमेरा ह्यांच्यापुढे धरला. "आज तुम्ही बघा." ह्यांनी घेतला आणि लगेच परत दिला. "आज फारच थरथरतोय गं. पेलवत नाही." मला भरून आलं. कालच्या ओलाव्याने असेल. गरम पाण्याने शेकायला हवा.

हात: फारच थरथरतो, असं हे म्हणतात.

१४ ऑक्टोबर

आजचं कसं लिहू कळत नाही.

डोंगरात एक जुनी गाडी चालते, वाफेच्या इंजिनाची. ह्यांनी शाळेत असताना तिचं चित्र कुठूनसं कापून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं, तो पुठ्ठा अजून घरी आहे. लग्न झाल्यापासून ऐकतेय, एक दिवस जायचं. दर वर्षी काहीतरी निघायचं. शाळांचे फोटो, परीक्षांचे फोटो, कुणाचा व्हिसा. बारा फोटोंतले अकरा गेले तरी चालतील, पण हा एक ह्यांना मनासारखा हवा होता.

छोटं स्टेशन. फलाटाच्या टोकाला उभं राहिलं की बोगद्यातून गाडी बाहेर येते, वळण घेते, आणि त्या वळणावर सगळे डबे एका नजरेत दिसतात. ह्यांनी नकाशावरून ही जागा हेरून ठेवली होती. दिवसातून एकदाच गाडी. मला तीनतीनदा पढवलं. "बोगद्यातून आली की थांब. वळणावर शेवटचा डबा बाहेर आला की दाब. त्याआधी नाही."

मी थांबलेही होते. शपथेवर सांगते. शिट्टी झाली, बोगद्यातून धूर आला आणि धुरातून ते काळं गोल तोंड बाहेर आलं, सरळ माझ्या रोखाने. एका बाजूच्या खिडकीतून चालक बाहेर वाकला होता, दुसऱ्या बाजूने कोळसा घालणारा. दोन्ही कान! कुणीतरी तयार होऊन स्टुलावर येऊन बसावं तसं ते इंजिन माझ्यासमोर आलं, आणि मी काय करणार? कॅमेरा वळवला आणि दाबलं. परत वळणाकडे फिरवेपर्यंत वळण संपलं होतं. डबे फलाटाला लागत होते.

मध्येच, मी कॅमेरा वळवला त्या क्षणी, ह्यांनी हात पुढे केला होता. कॅमेऱ्याला लागेल इतका जवळ. मला वाटलं ओढून घेतात आता. पण हात तसाच थांबला आणि परत कोटाच्या खिशात गेला. बिचारे. घेऊन तरी काय करणार होते.

मी प्रतीक्षागृहात जाऊन रडले. माणसाने उभ्या जन्मात एक गोष्ट मागितली आणि मी ती घालवली. वन्सं म्हणाल्या ते खोटं नव्हतं. हे दोन कप चहा घेऊन आले, दोन्ही हातांत दोन. कप मेले इतके काठोकाठ भरलेले की माझ्या हातात आल्याबरोबर सांडून माझंच बोट पोळलं. म्हटलं, "जरा कमी घालून आणायला काय झालं होतं?" तेवढंच निमित्त मिळालं भांडायला.

"फोटो चांगला आलाय," हे म्हणाले.

"न बघताच?"

"बघितला. तू काढत होतीस तेव्हा."

"तुमचं वळण गेलं."

"वळण कुठे जातंय? ते तिथेच आहे." आणि खिडकीबाहेर बघत चहा प्यायले.

१५ ऑक्टोबर

वन्संना फोन केला, मीच. मनातलं कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि दुसरं कोणी आठवेना. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "दादाचं नाव आणि तुझे फोटो, हे त्या बाईला कळलं तर? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं पटलं. मी म्हटलं, "तसं तुम्हाला ह्यांनी त्या बागेच्या दिवशी फोन केला होता, तेव्हा काही..." त्या म्हणाल्या, "मला? दादा मला वाढदिवसालासुद्धा फोन करत नाही."

मग कुणाशी बोलत होते? फिजिओशी असेल, हाताबद्दल. माझ्यापासून लपवून ठेवण्याइतकं वाईट काही सांगितलं नसेल ना तिने?

ह्यांना म्हटलं, बाईंना खरं सांगून टाकू. म्हणाले, "आधी नाट्यगृह होऊ दे."

१९ ऑक्टोबर

नाट्यगृह बंद पडून किती काळ लोटला कुणास ठाऊक. किल्ली एका बाईंकडे आहे, एके काळी त्या खिडकीत बसून तिकिटं विकायच्या. दार उघडताना म्हणाल्या, "उंदरांना दचकू नका. त्यांचे रोजचे प्रयोग चालू असतात."

आत एकच दिवा, रंगमंचाच्या मधोमध टांगलेला. बाकी सगळा अंधार, लाल मखमलीच्या खुर्च्यांच्या रांगा अंधारात बुडालेल्या. मोठा कॅमेरा स्टँडवर लावला. स्टँड आमच्याकडे एकच. हे म्हणाले, "आज मी काही सांगणार नाही. तुझं तू बघ." मी दचकलेच. ह्यांचा रस संपला की काय? मी छोटा कॅमेरा ह्यांच्या गळ्यात अडकवला आणि म्हटलं, "नुसता सांभाळा, जड नाही." हे बाजूला विंगेत जाऊन उभे राहिले.

मी रंगमंचावरून प्रेक्षागृहाकडे तोंड करून उभी राहिले. खाली खुर्च्या, वर गॅलरी, आणि दोन्ही बाजूंना त्या नक्षीच्या बाल्कन्या, बड्या लोकांनी बसायच्या. सगळं एक तोंड होऊन माझ्याकडे बघत होतं. पण काहीतरी कमी वाटत होतं. मी त्या बाईंना विचारलं, "तुम्ही कुठे बसायच्या नाटक बघायला?"

"मी? मी खिडकीत. नाटक सुरू झालं की हिशेब असायचा. आत बसून एकही पुरतं बघितलं नाही."

मग त्यांना बरोबर मध्यावर नेऊन बसवलं. कॉलर सारखी केली. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवला आणि अशा ताठ बसल्या, जणू आता पडदा उघडणार आहे. इतक्या कमी उजेडात शटर बराच वेळ उघडं राहतं, तेवढा वेळ हलायचं नसतं. म्हटलं, "श्वास धरा." त्यांनी धरला. मीही धरला. मागे कुठेतरी 'कट्' झालं. उंदीर.

फोटो झाल्यावर त्या उठल्याच नाहीत. "जरा बसते," म्हणाल्या. मग आम्ही तिघं त्याच रांगेत बसून रिकाम्या रंगमंचाकडे बघत राहिलो. फार छान वाटलं, का ते सांगता येणार नाही.

हाताबद्दल लिहायचं राहूनच जातंय हल्ली.

२७ ऑक्टोबर

घरी. हे नको म्हणत असताना मी कॅलेंडरवाल्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. झटका, हात, बोट माझं, सगळं. त्या गप्पच. मग म्हणाल्या, "परवा दोघंही या." आवाजावरून काही कळेना. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चल की मग," आणि पेपर वाचत राहिले. काम गेलं तर तोंड कसं दाखवू ह्यांना?

२९ ऑक्टोबर

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर रागाच्या भरात काहीतरी सुटायचं.

बाईंच्या ऑफिसात लांब टेबल. त्यावर त्यांनी आम्ही नेलेले बारा फोटो मांडले. स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक कसं घामाघूम होतं ते मला आज कळलं. बाई टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.

"इतकी वर्षं कॅलेंडरं छापतेय," त्या म्हणाल्या. "लोक मला लांबून पाहिलेली हरणं आणून देतात, लांबून पाहिलेल्या गाड्या. ही सगळी मंडळी माझ्याकडे बघतायत. इंजिनसुद्धा. भिंतीवर वर्षभर आपल्याकडे कुणीतरी बघतंय, असं कॅलेंडर मी अजून काढलं नव्हतं."

मी म्हटलं, "म्हणजे... चालतील?"

"चालतील? फक्त एक सांगा, नाव कुणाचं घालायचं?"

"ह्यांचं," मी म्हटलं. "हिचं," हे म्हणाले. एकाच वेळी.

बाई हसल्या. "तुमचा परवाचा फोन आला तेव्हा काय बोलावं मला कळेना. यांनी मला ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच सांगितलंय, तो बाकावरच्या जोडप्याचा फोटो पाठवून. म्हणाले, बायकोने काढलाय, पुढचेही तीच काढणार, पण तिला सांगू नका, घाबरेल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे.

"आणि मागच्या पानावर छायाचित्रकाराचा फोटो लागतो," बाई म्हणाल्या, "तोही यांनी दिलाय." त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

नाट्यगृह. तो एकच दिवा. मी स्टँडमागे वाकलेली, श्वास धरलेला, समोर अंधारात खुर्च्या. एक कान कॅमेऱ्याआड. माझा असा फोटो मी कधी पाहिला नव्हता, मी इतकी सुखात दिसत असेन असं मला वाटलं नव्हतं. पण ते नंतर. जन्मभर मी हललेले फोटो बाजूला काढत आलेय, त्यामुळे माझी नजर आधी कडांवर जाते. पापण्या स्वच्छ. कोटाच्या बाहीवरचा निघालेला धागासुद्धा स्वच्छ. त्या उजेडात, स्टँड माझ्याकडे असताना, नुसत्या हातात धरून. जो हात कप धरू शकत नाही त्याच्याने हा फोटो होणारच नाही.

जिन्यात मी ह्यांना थांबवलं.

"हात कधी बरा झाला?"

"हळूहळू."

"अहो, कधी?"

"रानात गेलो तेव्हापासून जरा बरा वाटायला लागला."

म्हणजे ती नाडी. ते काठोकाठ कप. मला एकदम सगळं दिसलं आणि असा संताप आला की मी जिन्यातच ओरडले, "खोटारडे! मी रोज देवाला हात जोडतेय, शेकायला पाणी तापवतेय आणि तुम्ही! मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू कॅमेरा माझ्या हातात दिला असतास."

दिलाच असता. त्याच क्षणी, पुसून.

मग आठवलं आणि मी ह्यांची बाही धरली. "इंजिनाच्या वेळी? तेव्हाही बरा होता?"

हे कठड्यावरून हात फिरवत राहिले. "बराच बरा होता."

"पुढे केला होतात. मी पाहिला."

"हो. मग तुझ्याकडे बघितलं." एवढंच म्हणाले आणि जिना उतरायला लागले. मी मात्र तिथेच पायरीवर बसले आणि पोटभर रडले. खालून कोणीतरी वर येत होतं, त्यांनी मला पाणी हवं का विचारलं. मी म्हटलं, नको, चांगलं झालंय.

३० ऑक्टोबर

राग अजून पुरता गेलेला नाही, थोडा मुद्दाम ठेवलाय. वन्संना सांगितलं. त्यांना आधी कळलेलं नव्हतं, हेही आमच्या घराण्यात पहिल्यांदाच. मग म्हणाल्या, "कॅलेंडर आलं की मला दोन ठेव."

दुपारी हे तो मागच्या पानाचा फोटो घेऊन बसले होते. म्हणाले, "एक कान दिसत नाहीये. नियमात बसत नाही. पुन्हा काढावा लागेल."

मी म्हटलं, "तो राहू दे. आधी त्या गाडीला परत जायचं. समोरून माझा काढून झालाय. वळण तुम्ही घ्यायचं, आणि मी तुमच्या मागे उभी राहून डावीकडे सरका, उजवीकडे सरका म्हणणार आहे. स्टँड तुम्ही उचलायचा."

ह्यांनी कपाटातून नकाशा काढला, भाजीचा डाग पडलेला तोच. मी चहा केला. हे ओतायला लागले तेव्हा मी खोलगट बशी उचलून फळीवर ठेवून दिली.

हात: बरा आहे.